लहरींना कुलूप न लावणारा माणूस

मैत्रिणींनो, अमरावती काय नि अकोला काय, आता कितीतरी घरांत लॅपटॉप आलाय. त्यावर मुलामुलींनी लिनक्स टाकलं, म्हणजे फुकट मिळणारी आणि कुणालाही आतून उघडून बघता येणारी ऑपरेटिंग सिस्टिम, की कधीकधी एक तक्रार हटकून येते. बाकी सगळं छान चालतं, पण वायफाय काही लागत नाही! वायफायचं कार्ड म्हणजे लॅपटॉपच्या पोटातला चिमुकला रेडिओच. या बिनतारी लहरींवर आपल्या देशात ज्यांनी सर्वांत आधी काम केलं, ते जगदीशचंद्र बोस. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना झाडांना संवेदना असतात असं सांगणारे म्हणून भेटलो. आज त्यांची दुसरी ओळख करून घेऊ.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८चा, तेव्हाच्या बंगालमधल्या मैमनसिंगचा. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. त्यांच्या बरोबरीचे लोक मुलांना इंग्रजी शाळेत घालत, यांनी मात्र मुलाला बंगाली शाळेत घातलं. वर्गात एका बाजूला चपराशाचा मुलगा, दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. दोघं घरी आले की आई बामासुंदरी भेदभाव न करता सगळ्यांना सारखंच खाऊ घालायची. पुढे विलायतेला जायची वेळ आली तेव्हा वडील कर्जात बुडाले होते. धाकटा मुलगा गमावलेल्या आईचं मन आधी तयार होईना. पण एकदा ठरल्यावर दागिने मोडायची तयारीही तिनेच दाखवली.

जगदीशचंद्र केंब्रिजहून शिकून आले आणि १८८५मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. काम इंग्रज प्राध्यापकाइतकंच, पगार मात्र त्याच्यापेक्षा कितीतरी कमी. जगदीशचंद्रांनी भांडण केलं नाही, नोकरीही सोडली नाही. रोज वेळेवर जाऊन शिकवलं आणि पगाराला हात लावला नाही. एक-दोन महिने नव्हे, तब्बल तीन वर्षं!

याच काळात, १८८७मध्ये, अबला दास त्यांच्या घरात सून म्हणून आल्या. त्याही साध्यासुध्या नव्हत्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात मुलींना प्रवेश नाही, म्हणून त्या थेट मद्रासला जाऊन शिकल्या. तब्येतीमुळे ते शिक्षण अर्धवट राहिलं. डोक्यावर सासऱ्यांचं कर्ज आणि नवऱ्याचा पगार शून्य, असा संसार त्यांनी निभावला. अखेर सरकार नमलं, मागचा सगळा पगार पूर्ण दराने मिळाला आणि त्यातून कर्ज फिटायला मदत झाली.

कॉलेजात धड प्रयोगशाळा नव्हती. एक लहानशी खोली आणि हाताशी एक टिनकाम करणारा कारागीर, एवढ्या भांडवलावर त्यांनी १८९४मध्ये बिनतारी लहरींचं काम सुरू केलं. आपण घरातल्या वस्तूंतून जुगाड करतो ना, तसंच त्यांचं. लहरींना वळण देण्यासाठी पीळ दिलेला ताग घेतला, तर त्या गाळण्यासाठी पुस्तकाच्या पानांमध्ये धातूचा वर्ख ठेवला. त्यांच्या लहरी जेमतेम ५ मिलिमीटर लांबीच्या होत्या. आपल्या घरातल्या नेहमीच्या वायफायची लहर साधारण १२ सेंटिमीटरची असते, यावरून अंदाज करा. १८९५च्या सुमारास कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी या लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली आणि दारूचा स्फोटही केला. मध्ये एकही तार नाही! लोक थक्क झाले.

खरी कसोटी पुढे होती. १९०१मध्ये लंडनला असताना एक बडा कारखानदार पेटंटचे कागद घेऊन त्यांच्या दारात आला. सही करा, नफ्यात वाटा घ्या, असा प्रस्ताव. बोसांनी नकार दिला. ज्ञान विकून पैसा करायचा नाही, हे त्यांचं ठाम मत. त्यांच्या अमेरिकन स्नेही सारा बुल यांना मात्र हे पटेना. उद्या दुसऱ्याच कुणी यावर हक्क सांगितला तर? त्यांनी आग्रहाने अर्ज करायला लावला आणि १९०४मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं. तरी बोसांनी त्यातून एक पैसा मिळवला नाही आणि पेटंटची मुदत संपू दिली. १९०९चं नोबेल मार्कोनी आणि ब्राऊन यांना मिळालं. बोसांना नाही.

मग त्यांनी चूक केली का? वाटतं तसं. पण लॅपटॉपच्या तक्रारीकडे परत बघा. लिनक्सवर वायफाय अडतं त्याचं एक मोठं कारण म्हणजे काही कंपन्या आपल्या कार्डाची आतली माहिती कुलुपात ठेवत. मग जगभरच्या हौशी तंत्रज्ञांना ते कोडं स्वतः सोडवत बसावं लागे. ब्रॉडकॉम कंपनीने २०१०मध्ये काही कार्डांचा ड्रायव्हर सगळ्यांसाठी खुला केला, तेव्हा कुठे ते काम सोपं झालं.

तुमच्याकडे अडलंच तर घाबरू नका. आधी कीबोर्डवरचं विमानाच्या चित्राचं बटण चुकून दाबलं गेलंय का, ते बघा. नंतर सेटिंग्जमध्ये कार्डाचं नाव दिसतं का, ते तपासा. नाव दिसूनही चालत नसेल तर बहुधा ड्रायव्हर किंवा फर्मवेअर कमी आहे. मोबाइल केबलने जोडून त्याचं इंटरनेट लॅपटॉपला द्या, ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडा, मिळेल तो टाका आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू करा. बरेचदा तेवढ्यानेच काम होतं.

पुढे बोस झाडांच्या अभ्यासाकडे वळले. ३० नोव्हेंबर १९१७ला त्यांनी कोलकात्यात स्वतःची संशोधन संस्था उभारली. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींनाही त्यांचं हे काम जवळचं वाटेल. २३ नोव्हेंबर १९३७ला गिरिडीहला त्यांचं निधन झालं. अबलाबाई त्यानंतर तेरा वर्षांहून अधिक जगल्या. १९१९मध्ये त्यांनी नारी शिक्षा समिती काढली होती आणि विधवांना शिकवून शिक्षिका बनवण्याचं काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. नवऱ्याने विज्ञानाला कुलूप लावू दिलं नाही आणि बायकोने शाळेच्या दाराला. घरात वायफाय लागलं की मुलांना या दोघांचीही नावं सांगा.