गहू आणि गुलाब : डॉ. बेंजामिन पिअरी पाल

दिल्लीच्या करोल बागेत कधी जाणे झाले असेल, तर पुसा रोड हे नाव वाचकांच्या कानांवरून गेले असेलच. त्याच भागात, रिजच्या टेकडीपलीकडे, भारतीय कृषी संशोधन संस्थेचे विस्तीर्ण शिवार आहे आणि दिल्लीकर त्या संस्थेला नुसते ‘पुसा’ म्हणतात. वास्तविक पुसा हे उत्तर बिहारमधील एका गावाचे नाव. १९०५ साली तेथे शेतीच्या संशोधनासाठी संस्था उभी राहिली. १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी त्या प्रदेशाला भूकंपाचा भीषण हादरा बसला व संस्थेची इमारत निकामी झाली. पुढे १९३६ साली संस्था दिल्लीत आणली गेली. माणसे आली, बियाण्यांच्या पिशव्या आल्या, कागदपत्रे आली आणि त्यांच्याबरोबर गावाचे नावही आले.

त्या स्थलांतरात एक तिशीतला वनस्पतिशास्त्रज्ञ होता. पुढे हिंदुस्थानच्या गव्हाचा इतिहास ज्यांच्या नावावाचून लिहिता येत नाही, आणि दिल्लीच्या गुलाबाचाही नाही, ते हे डॉ. बेंजामिन पिअरी पाल. गव्हासंबंधीच्या त्यांच्या कार्याची नोंद ग्रंथांतरी विपुल आहे. आपण आज थोडे अधिक रेंगाळणार आहोत ते त्यांच्या फुलबागेत.

पाल यांचा जन्म २६ मे १९०६ रोजी पंजाबातील मुकुंदपूर येथे झाला. वडील डॉक्टर. नोकरीनिमित्त कुटुंब ब्रह्मदेशात गेले आणि पाल यांचे बालपण तिकडेच सरले. मेम्यो हे ब्रह्मदेशातील थंड हवेचे ठिकाण, आपल्या महाबळेश्वरासारखे. तेथील सेंट मायकेल्स शाळेत ते शिकले. मैदानी मुलखात ज्या विलायती फुलझाडांना जपून जपून वाढवावे लागते, ती अशा डोंगरी हवेत सुखाने वाढतात. फुलांची आणि चित्रकलेची गोडी त्यांना याच वयात लागली व ती आयुष्यभर सुटली नाही. रंगून विद्यापीठातून वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले आणि बिफन व एंगलडो या नामांकित गुरूंच्या हाताखाली गव्हाच्या संकरावर प्रबंध लिहून १९३३ साली डॉक्टर झाले. त्याच वर्षी ते पुशाला रुजू झाले. भूकंपाला तेव्हा काही महिनेच उरले होते.

गव्हाचा मोठा वैरी म्हणजे तांबेरा. काळा, तपकिरी आणि पिवळा असे त्याचे तीन प्रकार. उभे पीक पाहता पाहता गंजल्यासारखे दिसू लागते व दाणा पोचट राहतो. आग्र्याचे प्राध्यापक के. सी. मेहता यांनी दाखवून दिले होते की, मैदानातल्या कडक उन्हाळ्यात हा रोग मरतो, पण डोंगरांतील गव्हावर तग धरून राहतो आणि हंगामात वाऱ्याबरोबर पुन्हा खाली उतरतो. म्हणजे त्याचा समूळ नाश करणे अशक्यच. उपाय एकच उरतो : रोगाला दाद न देणारा गहू निर्माण करणे. पाल यांनी नेमके हेच व्रत घेतले. एका वाणात एक गुण, दुसऱ्यात दुसरा. त्यांचा संकर करायचा, रोपे वाढवायची, हजारोंतून मोजकी निवडायची, पुन्हा पेरायची. एका पिकाला एक वर्ष. अशी वर्षांमागून वर्षे गेली, आणि १९५४ साली ‘एन.पी. ८०९’ हा तिन्ही तांबेऱ्यांना तोंड देणारा वाण पुढे आला. १९५० साली ते संस्थेचे संचालक झाले होते. १९५८ मध्ये त्या संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

आता बागेकडे वळू.

दिल्लीत फुलबाग करणे म्हणजे हवेशी वर्षभर करार करणे होय. पुण्या-नाशकाकडच्या आपल्या मंडळींना याची नीटशी कल्पना येत नाही. आपल्याकडे गुलाबाच्या झाडावर बाराही महिने एखाददुसरे फूल दिसते. दिल्लीत तसे नाही. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस परततो, तेव्हा गुलाबाचे झाड अगदी केविलवाणे दिसत असते. फांद्या लांबलचक वाढलेल्या, पानांवर काळे ठिपके, शेंडे वाळत चाललेले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास कात्री हाती घ्यावी लागते. नवख्याचा हात येथे कचरतो. जिवंत फांदी कापायची आणि तीही निम्म्याहून अधिक! परंतु येथे दया दाखविली तर हिवाळाभर त्याची शिक्षा भोगावी लागते. छाटणीच्या वेळी बुंध्याजवळची माती उकरून मुळे काही दिवस उघडी ठेवतात, मग कुजलेले शेणखत, हाडांचे खत व निंबोळी पेंड घालून आळे भरतात. आठ-दहा दिवसांत लाल कोंब फुटतात. त्या कोंबांची तांबूस पालवी उन्हात चमकू लागली की, अजून एकही कळी नसताना बाग करणाऱ्याचे अर्धे श्रम फिटतात. आमच्या मते तर फुलापेक्षा हाच काळ अधिक आनंदाचा असतो. पण हे प्रत्येकाच्या स्वभावावर आहे.

छाटणीपासून साधारण सहा-सात आठवड्यांनी पहिला बहर येतो. तोवर शेवंती फुललेली असते. पुढे जानेवारीत धुके पडते, सूर्यदर्शन दुर्मीळ होते आणि कळ्या दिवसेंदिवस मिटूनच राहतात. फेब्रुवारीत ऊन कोवळे होते व मग जो दुसरा बहर येतो, त्याला तोड नाही. डेलिया, पॅन्सी, पिटुनिया, स्वीट पी अशी सारी हंगामी फुले गुलाबाच्या जोडीला असतात. दिल्लीच्या बागा पाहाव्यात त्या याच दिवसांत. मार्च सरता सरता फुले लहान होऊ लागतात, एप्रिलमध्ये पाकळ्यांच्या कडा करपतात. मे महिन्यात लू सुटते. पारा ४४-४५ अंशांवर चढतो. तेव्हा रस्त्याकडेचा बहावा पिवळ्याधमक झुंबरांनी लगडतो, कुंपणावरची बोगनवेल उन्हाला वाकुल्या दाखवते आणि संध्याकाळी मोगऱ्याचा वास दरवळतो. गुलाब मात्र जीव मुठीत धरून उभा असतो. त्या दिवसांत त्याच्याकडून काही मागायचे नसते, फक्त सकाळ-संध्याकाळ पाणी द्यायचे. पाठोपाठ पाऊस, तण, वाळवी, काळे ठिपके. आणि पुन्हा ऑक्टोबर.

पाल यांच्या मनाला बोचत होती ती गोष्ट ह्या वर्षचक्रातच आहे. बागांतले बहुतेक गुलाब युरोप-अमेरिकेतून आणलेले. तिकडच्या सौम्य उन्हाळ्यासाठी ते घडवले गेले होते. इकडे ते दोन-तीन वर्षे जगत, फुलत, आणि एखाद्या उन्हाळ्यात वाळून जात. लोक नवी कलमे मागवीत. येथल्या उन्हात, येथल्या मातीत टिकेल आणि सुवासही देईल असा गुलाब येथेच का निर्माण होऊ नये? गव्हाच्या बाबतीत ज्या प्रश्नाने त्यांना आयुष्यभर कामाला लावले, तोच प्रश्न येथे फुलाच्या रूपाने उभा होता. पण गहू ही सरकारी सेवा होती, गुलाब हा घरचा छंद. संस्थेच्या कामातून उरलेला वेळ त्यांनी त्याला दिला. ते अविवाहित होते.

गुलाबाचा संकर दिसतो तितका सोपा नाही. कळी पुरती उमलण्यापूर्वीच तिच्या पाकळ्या काढाव्या लागतात व पुंकेसर चिमट्याने खुडावे लागतात. मग दुसऱ्या झाडाचा पराग ब्रशने लावायचा, कागदी पिशवी बांधायची आणि चिठ्ठी अडकवायची. फळ धरलेच तर ते पिकायला काही महिने लागतात, आणि दिल्लीत ते महिने थेट उन्हाळ्याकडे जाणारे. कितीतरी फळे मध्येच गळतात. बी मिळाले तरी सगळे रुजत नाही. रुजलेल्या शेकडो रोपांतील बहुतेक आपल्या आईबापांहून कमी प्रतीची निघतात. जे एखादे मनात भरते त्याचा डोळा रानगुलाबाच्या खुंटावर बांधायचा, आणि ती झाडे काही उन्हाळे पार करतात का ते पाहायचे. एवढे झाल्यावर नाव द्यायचे.

त्यांच्या गुलाबांना त्यांनी जी नावे दिली, ती वाचली तरी माणूस कळतो. ‘दिल्ली प्रिन्सेस’, ‘बंजारन’, ‘चितचोर’, ‘पूर्णिमा’. विलायती उमरावांची आणि त्यांच्या पत्नींची नावे मिरविणाऱ्या गुलाबांच्या रांगेत ही घरगुती नावे येऊन बसली. १९६२ सालचा ‘रोझ शरबत’ हा गर्द गुलाबी, अतिशय सुगंधी गुलाब. आपल्याकडील बागांत पूर्वापार चालत आलेल्या ‘ग्रुस आन टेप्लिट्झ’ या काटक लाल गुलाबाच्या बीपासून तो निघाला. परागदाता कोण, हे अज्ञात. वारा किंवा एखादी मधमाशी. पाल यांच्यासारख्या संकरशास्त्रज्ञाने त्या मधमाशीचे ऋण मोकळेपणे नोंदवून ठेवले, हे आम्हांला विशेष वाटते. जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात डॉ. होमी भाभांचा अंत झाला. दोन वर्षांनी पाल यांनी एका शुभ्र गुलाबाला त्यांचे नाव दिले. तुर्भ्याच्या अणुकेंद्राच्या आवारात झाडे-फुले लावण्यासाठी झटणाऱ्या भाभांना याहून साजेसे स्मारक क्वचितच लाभले असेल.

येथे एक अवघड प्रश्न येतो, तो टाळून पुढे जाता येणार नाही. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठ दोन वर्षे देशात अवर्षण पडले. अमेरिकेहून गव्हाची जहाजे येत होती, तेव्हा शहरांतल्या रेशनच्या दुकानांत धान्य मिळत होते. बिहारात दुष्काळ होता. मे १९६५ मध्ये पाल भारतीय कृषी संशोधन परिषदेचे महासंचालक झाले होते. त्या पदावर बसलेले ते पहिले शास्त्रज्ञ. नॉर्मन बोरलॉग १९६३ मध्ये दिल्लीला येऊन गेले होते, मेक्सिकोच्या बुटक्या गव्हाच्या चाचण्या झाल्या होत्या, आणि १९६६ साली त्या गव्हाचे १८,००० टन बियाणे आयात करण्यात आले. देशाच्या भाकरीची जबाबदारी ज्या थोड्या खांद्यांवर होती, त्यांतला एक खांदा पाल यांचा. आणि त्याच १९६६ साली त्यांचे ‘द रोझ इन इंडिया’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले! तेही कृषी संशोधन परिषदेकडूनच.

भुकेल्या देशात गुलाबाचे पुस्तक! कुणालाही हे खटकावे. आम्हांलाही प्रथम खटकले. परंतु त्या काळातील त्यांच्या कामाचा क्रम पाहिला तर गव्हाचा वेळ गुलाबाला गेला असे कोठेही आढळत नाही. रोग ओळखणारी दृष्टी, निवड करण्याची सवय, दहा वर्षे थांबण्याची तयारी, हे सारे त्यांनी गव्हाच्या शेतात मिळविले आणि तेच घरच्या वाफ्यात वापरले. उलट दिशेनेही काही आले असेल. ज्याच्या हातून वर्षभरात हजारो रोपे उपटून फेकली जातात, त्याला एखादे रोप नुसते पाहत उभे राहण्याची जागा हवी असते. आपल्या प्रभूनेही ज्या डोंगरावर रोजच्या भाकरीसाठी प्रार्थना करावयास शिकविले, त्याच डोंगरावर रानातील भूकमळांकडे बोट दाखविले. ही दोन्ही वचने एकाच अध्यायात आहेत, हे आपण वाचताना सहसा ध्यानात घेत नाही.

शिवाय तो काळच गुलाबवेड्यांचा होता. पंडित नेहरूंच्या कोटावरचा गुलाब देशाला ठाऊक होता, राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन हे स्वतः गुलाबांचे दर्दी होते. परंतु पाल यांना राजवाड्यांतील बागांपेक्षा सामान्य घरातली बाग महत्त्वाची वाटे. गुलाबप्रेमींची आणि बोगनवेलप्रेमींची संघटना उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. बोगनवेलीवर त्यांचा जीव होता याचे नवल नाही. दिल्लीच्या मे महिन्यात गुलाब मान टाकतो तेव्हा तीच तर बागेची लाज राखते. १९६० साली त्यांनी भारतातील सुंदर वेलींवर पुस्तक लिहिले होते; पुढे फुलझुडपांवरही लिहिले.

१९७२ साली ते परिषदेतून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासदत्व देऊन गौरविले. पद्मभूषण १९६८ मध्ये मिळाले होते, पद्मविभूषण १९८७ मध्ये मिळाले. निवृत्तीनंतरही गुलाब सुटला नाही.

१४ सप्टेंबर १९८९ रोजी नवी दिल्ली येथे वयाच्या ८४ व्या वर्षी डॉ. पाल यांचे निधन झाले. मागे पत्नी-मुले नव्हती. आपली सारी मालमत्ता त्यांनी आपल्या संस्थेला, पुशाला, देऊन ठेवली होती. त्यात त्यांचा गुलाबांचा मोठा संग्रहही होता. पाऊस अजून पुरता परतला नव्हता. छाटणीला तीन-चार आठवडे अवकाश होता.