चष्मेवाल्याचा राजा

पहिल्या वर्षी बाजीराव रोडवर भटकताना पाऊस आला, म्हणून मी राजा दिनकर केळकर संग्रहालयात शिरले. म्हटलं, तलवारी-बिलवारी असतील. बघते तर अडकित्ते, दौती, कुलुपं आणि दिवेच दिवे! पाय घासायच्या वज्र्यासुद्धा. (वज्री हा शब्द कॉन्व्हेंटमध्ये कधी कानावर पडला नव्हता, तिथेच कळला.) हे सगळं जमवणारा माणूस कोण, म्हणून मग लायब्ररीत बसून वाचलं.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. व्यवसाय चष्म्यांचा, आणि हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता करायचे. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचं वेड लागलं. राजेरजवाड्यांच्या वस्तू कोणीही जपतं हो! यांनी मात्र देवघरातला दिवा, स्वयंपाकघरातली किसणी, पानाचा डबा असलं उचललं, जे लोक सरळ मोडीत घालत होते. त्यासाठी देशभर हिंडले, खिसा रिकामा केला. पत्नी कमलाबाईंची साथ होती म्हणूनच हा संसार टिकला असणार, असं मला तरी वाटतं.

आणि नावातला 'राजा'? मला आधी वाटलं, केळकर कुठल्यातरी संस्थानाचे राजे असतील! राजा हा त्यांचा मुलगा. तो लहानपणीच गेला. बापाने सगळा संग्रह त्याच्या नावावर केला. हे कळल्यावर मी पुन्हा एकदा तिकीट काढून गेले, आणि या वेळी दिव्यांच्या दालनात जास्त वेळ थांबले.

कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी तो संग्रहालयात पुन्हा उभा केला. संग्रह वीस हजारांच्या वर गेला. त्यातल्या जेमतेम अडीच हजार वस्तू मांडता येतात, बाकीच्यांना जागाच नाही. आणि एवढं जमवून शेवटी सगळं महाराष्ट्र शासनाला देऊन टाकलं! आपण साधी जर्नल्स ज्युनिअरला देताना दहादा विचार करतो. १९८० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १७ एप्रिल १९९० रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते गेले.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आजीला आमच्या अडकित्त्याचं विचारलं. तो कधीच मोडीत गेला होता. त्याच्या पैशांत स्टीलचा डबा आला, आणि त्याच डब्यातून ती मला हॉस्टेलवर चिवडा देते.