सूर्यावरील लाटा आणि हान्नेस आल्फव्हेन

खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं झांकलेल्या बिंबाभोवतीं एक शुभ्र तेजोवलय दिसतें. त्यास सूर्याचा किरीट म्हणतात. सूर्याच्या पृष्ठभागाचें उष्णतामान सुमारें ५,५०० अंश सेल्सियस. परंतु हा किरीट दहा लाख अंशांहूनहि अधिक तप्त! चुलीपासून दूर जावें तों धग कमी व्हावी. येथें उलट कां? या कोड्याशीं ज्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें, त्यांचें हें अल्प चरित्र.

हान्नेस आल्फव्हेन यांचा जन्म ३० मे १९०८ रोजीं स्वीडन देशांतील नॉरशोपिंग शहरीं झाला. आईवडील दोघेंहि डॉक्टर होते. लहानपणीं वाचलेल्या फ्लामारियों यांच्या पुस्तकानें त्यांना ताऱ्यांची, तर शाळेंतील रेडिओ मंडळानें विजेची गोडी लाविली. उप्साला विद्यापीठाची डॉक्टरेट १९३४ सालीं मिळवून ते १९४० सालीं स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयांत प्राध्यापक झाले.

१९४२ सालीं ‘नेचर’ नियतकालिकांत त्यांचें एक लहानसें टिपण प्रसिद्ध झालें. सूर्यावरील तप्त वायु विद्युद्वाहक असतो, आणि चुंबकीय बलरेषा त्यांत जणूं गोठलेल्या असतात. तंबोऱ्याची ताणलेली तार छेडली म्हणजे कंप तारेवरून धांवतो. तशाच या रेषांवरून लाटा धांवतात, असें त्यांनीं गणितानें दाखविलें. परंतु विद्युच्चुंबकीय लाटा वाहक पदार्थांत शिरूंच शकत नाहींत, अशी विद्वानांची दृढ समजूत होती. टिपणाकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं.

१९४८ सालीं शिकागो येथें त्यांचें व्याख्यान झालें. श्रोत्यांत थोर शास्त्रज्ञ फेर्मी होते. त्यांनीं संमतिदर्शक मान डोलविली, आणि दुसऱ्या दिवसापासून साऱ्या जगानें डोलविली, असें आल्फव्हेन पुढें विनोदानें सांगत. १९४९ सालीं स्टॉकहोम येथें लुंडक्विस्ट यांनीं पाऱ्यांत अशा लाटांचा प्रयोग केला. १९७० सालीं आल्फव्हेन यांस नोबेल पारितोषिक मिळालें. अण्वस्त्रांविरुद्धहि ते निर्भयपणें बोलत राहिले. २ एप्रिल १९९५ रोजीं ते निवर्तले.

२००७ सालीं ‘हिनोदे’ या जपानी उपग्रहाच्या निरीक्षणांतून सूर्याच्या वातावरणांत अशा लाटांच्या खुणा दिसल्या. किरीट केवळ त्यांनींच तापतो काय, याविषयीं मात्र शास्त्रज्ञांत अद्यापि मतभेद आहेत.

विद्यार्थिमित्रहो, त्या सहा वर्षांत टिपणांतील गणित तिळभरहि बदललें नव्हतें. बदलली ती लोकांची नजर. म्हणून मोठ्यांची मान कोणीकडे डोलते हें पाहण्याआधीं गणित स्वतः मांडून पाहावें, हाच या चरित्राचा बोध होय.