एम्प्रेस मिलचे जमशेदजी

आजारी उद्योग सरकारने सांभाळावेत की त्यांना मरू द्यावे, या वादात नागपूरकरांना एक नाव टाळता येत नाही. ते म्हणजे जमशेदजी नसरवानजी टाटा.

३ मार्च १८३९ रोजी नवसारीच्या पारशी पुरोहित घराण्यात जन्मलेले जमशेदजी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले आणि वडिलांच्या व्यापारात शिरले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी १८६५ मध्ये कोसळली, तेव्हा ते लंडनमध्ये होते. पेढ्या बुडताना त्यांनी जवळून पाहिल्या आणि घराण्याचा व्यवहार निस्तरला. उसन्या तेजीवर उभा राहिलेला धंदा कसा संपतो, याचा धडा त्यांना तेथेच मिळाला असावा.

१८६९ मध्ये त्यांनी चिंचपोकळीची दिवाळ्यात निघालेली तेलगिरणी घेतली, तेथे कापडगिरणी चालविली आणि दोन वर्षांनी नफ्यात विकली. त्यानंतर लँकेशायरचा अभ्यास करून ते परतले आणि १८७४ मध्ये पंधरा लाखांच्या भांडवलाची कंपनी स्थापन केली. गिरणीसाठी त्यांनी मुंबई नव्हे, तर नागपूर निवडले. कापूस दाराशी, कोळसा वरोऱ्याच्या टापूत आणि रेल्वे हाताशी, असा त्यामागे हिशेब होता. जुम्मा तलावाकाठची दलदलीची जागा भरून काढावी लागली. जमिनीत पैसा गाडणाऱ्या या माणसाला भांडवल देण्यास एका स्थानिक सावकाराने नकार दिला होता आणि पुढे त्यालाच त्याचा पश्चात्ताप झाला, असे सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरिया भारताची सम्राज्ञी घोषित झाली त्याच दिवशी, गिरणीचे भोंगे वाजले आणि नाव पडले एम्प्रेस मिल.

प्रारंभी स्वस्तात घेतलेली यंत्रे पुरी पडेनात. जमशेदजींनी ती चालवीत बसण्याऐवजी बदलली, नव्या रिंग चात्या आणल्या. रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेल्या बेझनजी मेहतांच्या हाती त्यांनी कारभार सोपविला. कामगारांसाठी १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाई सुरू झाली. कायद्याने तसे बंधन येण्यास अद्याप अनेक वर्षांचा अवकाश होता.

त्यांची खरी कसोटी मात्र नागपुरात नव्हे, कुर्ल्यात लागली. १८८६ मध्ये त्यांनी धरमसी मिल साडेबारा लाखांना विकत घेतली आणि तिला स्वदेशी हे नाव दिले. गिरणी आजच्या भाषेत पूर्ण आजारी होती. यंत्रे झिजलेली, कामगार मिळेनात. समभागांचे भाव उतरले आणि गुंतवणूकदार धास्तावले. जमशेदजींनी स्वतःच्या मालमत्तेला हात घातला, नागपूरहून माणसे आणि यंत्रे आणली आणि काही वर्षांत गिरणी पायावर उभी केली. तोटा मालकाच्या खिशातून जात होता, म्हणून दुरुस्तीची घाईही मालकालाच होती.

सरकारी मदत म्हणजे काय, हे त्यांना पुढे निराळ्याच बाजूने कळले. चीन-जपानला जाणाऱ्या सुताच्या वाहतुकीवर पी. अँड ओ. या ब्रिटिश कंपनीची सत्ता होती आणि तिला टपालवाहतुकीपोटी भारतीय तिजोरीतून अनुदान मिळत असे. १८९३ मध्ये जमशेदजींनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशाशी करार करून स्वतःची टाटा लाइन सुरू केली. प्रतिस्पर्ध्याने भाडे मातीमोल केले. ज्या मुंबईकर गिरणीमालकांसाठी हा खटाटोप होता, त्यांतील काही स्वस्त भाड्याकडे वळले. टाटा लाइन बुडाली. येथील करदात्याच्या पैशाने येथीलच व्यापाऱ्याचा पराभव झाला, हे त्यांनी सरकारदरबारी मांडले; उपयोग झाला नाही. मागोमाग १८९६ मध्ये लँकेशायरच्या दडपणाखाली देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन शुल्क बसले. जमशेदजींनी आकडेवारीनिशी त्यास विरोध केला. हा कर १९२५ पर्यंत टिकला.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कल्पनेतील पोलाद कारखाना १९०७ मध्ये कंपनीरूपाने आला. पहिल्या महायुद्धानंतर स्वस्त परदेशी पोलादापुढे तो डगमगला, तेव्हा १९२४ मध्ये संरक्षक जकातीने त्याला आधार दिला. ती मदत कारखान्याला पचली, कारण कारखाना नवा होता आणि वाढत होता.

एम्प्रेस मिलच्या नशिबी आलेली मदत त्या जातीची नव्हती. १९७४ च्या कायद्याने केंद्राने शंभरहून अधिक आजारी गिरण्या ताब्यात घेतल्या. नागपूरची मॉडेल मिल त्यांत होती. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये टाटांच्या हातून सुटली आणि राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाने ती घेतली. हजारो घरांच्या चुली पेटत्या राहिल्या, हे लहान काम नव्हे. परंतु तोटा सोसणारा आणि निर्णय घेणारा यांची फारकत झाली. कुर्ल्यात जी घाई होती ती येथे कोणालाच नव्हती. सोळा वर्षांनी, २००२ मध्ये, गिरणी बंद झाली. तेव्हा १९८६ मध्ये तरुण असलेला कामगार नवे काम शिकण्याचे वय ओलांडून गेला होता.

गिरणीच्या जागेवर पुढे मॉल उभा राहिला. त्याच्या पाटीवरही नाव एम्प्रेसच आहे.