उशिरा उघडलेले दार : बेसबॉलपटू गिल हॉजेस

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन नावाचे एक लहानसे गाव आहे. बेसबॉल ह्या खेळाचे कीर्तिमंदिर, म्हणजेच हॉल ऑफ फेम, १९३९ सालापासून तेथे उभे आहे. ज्या खेळाडूचे नाव व मुद्रा कोरलेला कांस्यफलक तेथे लागतो, तो अमेरिकन क्रीडाविश्वात अजरामर झाला असे मानले जाते. प्रवेशाची वाट मात्र अरुंद आहे. खेळाडू निवृत्त झाल्यावर पाच वर्षांनी त्याचे नाव क्रीडापत्रकारांच्या मतदानासाठी ठेवण्यात येते आणि शेकडा पंचाहत्तर मते मिळाली तरच दार उघडते.

१९५० च्या दशकातील ब्रुकलिन डॉजर्स ह्या संघाने ह्या मंदिराला एकापाठोपाठ एक मानकरी दिले. जॅकी रॉबिन्सन १९६२ साली, रॉय कॅम्पानेला १९६९ साली, ड्यूक स्नायडर १९८० साली व पी वी रीझ १९८४ साली आत गेले. ह्या चौघांच्या खांद्याला खांदा लावून खेळलेले गिल हॉजेस मात्र बाहेरच राहिले. १९७२ साली त्यांचे निधन झाले आणि कीर्तिमंदिराचे दार त्यांच्यासाठी उघडले ते २०२२ साली. ह्या पन्नास वर्षांच्या प्रतीक्षेमागे उभा असलेला माणूस आम्ही आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

आमचे बहुसंख्य वाचक क्रिकेटप्रेमी आहेत, तेव्हा बेसबॉलविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. ह्या खेळात मैदानावर चौकटीच्या आकारात चार ठाणी असतात. त्यांना बेस म्हणतात. फलंदाजाने फटका मारून क्रमाने सर्व ठाणी पार केली की एक धाव होते. चेंडू थेट मैदानाबाहेर गेला तर तो होमरन, आपल्याकडील षटकारासारखाच. दहा प्रयत्नांत तीन यशस्वी फटके मारणारा फलंदाज येथे उत्तम गणला जातो. म्हणजे चांगल्यातल्या चांगल्या खेळाडूलाही दहापैकी सात वेळा मान खाली घालून परतावे लागते. अपयश पचवण्याची ताकद ह्या खेळाइतकी अन्य खेळांत क्वचितच लागत असेल.

खाणकामगाराचा मुलगा

गिल हॉजेस यांचा जन्म ४ एप्रिल १९२४ रोजी इंडियाना राज्यातील प्रिन्स्टन येथे झाला. वडील चार्ल्स कोळशाच्या खाणीत राबत होते. आपल्या मुलांच्या वाट्याला खाणीतला अंधार येऊ नये, ही त्यांची मनोमन इच्छा होती. गिल सात वर्षांचे असताना हे कुटुंब जवळच्याच पीटर्सबर्ग गावी राहावयास गेले. डेट्रॉइट टायगर्स ह्या व्यावसायिक संघाने १९४१ साली तरुण गिलपुढे करार ठेवला. परंतु त्यांनी तो नाकारला व रेन्सलेअर येथील सेंट जोसेफ ह्या कॅथलिक महाविद्यालयात प्रवेश घेतला.

१९४३ साली ब्रुकलिन डॉजर्सने त्यांना करारबद्ध केले. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांना एकच सामना खेळावयास मिळाला आणि लगेच त्यांच्या अंगावर मरीन दलाचा गणवेश चढला. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. पॅसिफिक महासागरातील टिनियान व ओकिनावा येथे त्यांनी विमानविरोधी तुकडीत सेवा बजावली. शौर्याबद्दल त्यांना ब्राँझ स्टार हे पदक मिळाले. त्याचा उल्लेख मात्र ते स्वतः क्वचितच करीत.

युद्धानंतर १९४७ साली ते डॉजर्सकडे परतले. अमेरिकन बेसबॉलच्या इतिहासातील ते एक निर्णायक वर्ष होते. जॅकी रॉबिन्सन ह्या कृष्णवर्णीय खेळाडूने त्याच वर्षी, त्याच संघातून, वर्णभेदाची जुनी भिंत ओलांडली. पुढील वर्षी संघात फेरबदल झाले. यष्टिरक्षकासारखी जागा असलेल्या कॅचरच्या स्थानी रॉय कॅम्पानेला आले आणि तोपर्यंत कॅचर असलेल्या गिल यांची रवानगी पहिल्या बेसवर झाली. ही जागा त्यांच्यासाठीच जणू निर्माण झाली होती. साथीदारांनी कोठूनही फेकलेला चेंडू त्यांच्या भल्या मोठ्या पंजात अलगद विसावत असे. क्षेत्ररक्षणासाठीचे गोल्ड ग्लोव्ह पारितोषिक १९५७ साली सुरू झाले आणि पहिली तीन वर्षे पहिल्या बेसचा मान त्यांनाच मिळाला. मैदानावर हाणामारी झाली, तर हा धिप्पाड गृहस्थ मध्ये पडून दोन्ही बाजूंना दूर करी. त्यांच्या ताकदीचा उपयोग बहुधा एवढ्यापुरताच होई.

१९४८ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्रुकलिनच्या जोन लोंबार्डी यांच्याशी विवाह केला. इंडियानाचा हा मुलगा त्यानंतर ब्रुकलिनचाच झाला. एक मुलगा व तीन मुली असा त्यांचा संसार तेथे फुलला. अन्य खेळाडू हंगाम संपताच आपापल्या गावी जात. गिल मात्र त्याच रस्त्यांवर, त्याच दुकानांत व त्याच चर्चमध्ये बारा महिने लोकांना दिसत.

एकवीस प्रयत्न, शून्य फटके

३१ ऑगस्ट १९५० रोजी त्यांनी बोस्टन ब्रेव्हज संघाविरुद्ध एकाच सामन्यात चार होमरन मारले. आजही हा पराक्रम अत्यंत दुर्मिळ समजला जातो. १९४९ ते १९५५ अशी सलग सात वर्षे त्यांच्या फटक्यांवर संघाला दर हंगामात शंभराहून अधिक धावा मिळाल्या. अशा ह्या खेळाडूवर १९५२ च्या शरद ऋतूत अघटित ओढवले.

१९५२ च्या हंगामात त्यांनी बत्तीस होमरन मारले होते. वर्षाच्या अखेरीस जेतेपदासाठी खेळल्या जाणाऱ्या वर्ल्ड सीरिजमध्ये डॉजर्सची गाठ न्यूयॉर्क यांकीज ह्या बलाढ्य शेजाऱ्यांशी पडली. सात सामने झाले. गिल हॉजेस यांच्या नावावर एकवीस प्रयत्न लागले आणि त्यांपैकी एकाही प्रयत्नात यशस्वी फटका बसला नाही. डॉजर्स ही मालिका चार विरुद्ध तीन अशी हरले. ब्रुकलिनचे प्रेक्षक तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होते. आपल्याच खेळाडूंची हुर्यो उडवण्यात ते मागेपुढे पाहत नसत. परंतु गिल फलंदाजीस येत तेव्हा स्टेडियममध्ये टाळ्यांचा गजर होई आणि ते हात हलवत परतत तेव्हाही टाळ्याच पडत.

१९५३ चा नवा हंगाम उजाडला, तरी साडेसाती संपली नाही. मे महिन्यात त्यांना काही काळ संघाबाहेर बसावे लागले. अशातच एका रविवारी ब्रुकलिनमधील फादर हर्बर्ट रेडमंड मिस्सासाठी वेदीवर उभे होते. त्या दिवशी विलक्षण उकाडा होता. फादरांनी लोकांना सांगितले की, एवढ्या उष्म्यात प्रवचन देणे काही योग्य नाही. तेव्हा सर्वांनी घरी जावे, देवाच्या आज्ञा पाळाव्यात आणि गिल हॉजेससाठी एक प्रार्थना म्हणावी. ही वार्ता वृत्तपत्रांतून देशभर पसरली. गिल यांच्या घरी पत्रांचा पाऊस पडला. कोणी रोझरी पाठवली, कोणी पदके धाडली, कोणी फलंदाजीविषयी सल्लाही दिला.

ह्यापुढील भाग आम्ही चमत्कार म्हणून सांगणार नाही. संघाचे मॅनेजर चार्ली ड्रेसन यांनी गिल यांच्या फलंदाजीचे चित्रण करवून त्यांना दाखवले. चेंडू येताना त्यांचा पाय मागे सरकत होता. ती खोड घालवण्यासाठी त्यांनी कसून सराव केला. हंगाम संपला तेव्हा त्यांची सरासरी .३०२ होती आणि खात्यावर एकतीस होमरन होते. प्रार्थनेने काय केले व सरावाने काय केले, ह्याचा हिशेब मांडण्याची आम्हांला गरज वाटत नाही. पडलेल्या माणसाला आपण एकटे पडलेलो नाही हे कळले, आणि त्यानंतर तो पुन्हा उभा राहिला, एवढे निश्चित आहे.

१९४१, १९४७, १९४९, १९५२ व १९५३ अशा पाच वर्ल्ड सीरिज डॉजर्सने यांकीजकडून गमावल्या होत्या. ४ ऑक्टोबर १९५५ रोजी सहाव्या मालिकेचा सातवा सामना झाला. जॉनी पोड्रेस ह्या तरुण गोलंदाजाने यांकीजला एकही धाव दिली नाही आणि डॉजर्स दोन विरुद्ध शून्य असे जिंकले. त्या दोन्ही धावा गिल हॉजेस यांच्या फटक्यांवर आल्या. शेवटच्या फलंदाजाला बाद करण्यासाठी पी वी रीझ यांनी फेकलेला चेंडूही त्यांच्याच हातात विसावला. ब्रुकलिनला मिळालेले ते एकमेव जगज्जेतेपद. १९५७ च्या हंगामानंतर हा संघ लॉस एंजलिसला गेला व ब्रुकलिन कायमचे पोरके झाले.

डाव्या कोपऱ्यापर्यंतची चाल

लॉस एंजलिसमध्ये १९५९ साली आणखी एक जेतेपद मिळवून गिल न्यूयॉर्कला परतले. १९६२ साली तेथे मेट्स हा नवा संघ जन्मास आला होता. ह्या संघाच्या इतिहासातील पहिला होमरन गिल यांनीच मारला. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांच्या नावावर ३७० होमरन होते. नॅशनल लीगमधील उजव्या हाताच्या फलंदाजांत तो तेव्हाचा उच्चांक होता. १९६३ पासून पाच वर्षे त्यांनी वॉशिंग्टन सेनेटर्स संघाचे व्यवस्थापन केले आणि १९६८ साली ते मॅनेजर म्हणून मेट्सकडे आले.

मेट्स म्हणजे हास्याचा विषय होता. पहिल्याच वर्षी हा संघ १२० सामने हरला होता. १९६८ च्या हंगामाच्या अखेरीस अटलांटा येथे गिल यांना हृदयविकाराचा झटका आला. सिगारेटचे व्यसन त्यांना जुनेच होते. पुढील हंगामात ते पुन्हा संघाबरोबर हजर झाले.

३० जुलै १९६९ रोजी ह्यूस्टनविरुद्ध मेट्सची दाणादाण उडत होती. डाव्या कोपऱ्यातील क्षेत्ररक्षक क्लिऑन जोन्स एका चेंडूमागे रेंगाळत गेले. जोन्स हे संघातील सर्वोत्तम फलंदाज होते. गिल आपल्या बैठकीतून उठले आणि कोठेही न थांबता, सावकाश चालत, थेट जोन्स यांच्यापर्यंत गेले. काही क्षण बोलणे झाले आणि दोघे मागेपुढे चालत मैदानाबाहेर आले. आरडाओरडा झाला नाही. मोठ्या खेळाडूला एक नियम व लहानाला दुसरा, असे येथे चालणार नाही, हे सर्व संघाला उमजले.

त्या वर्षी मेट्सने शंभर सामने जिंकले आणि वर्ल्ड सीरिजमध्ये बाल्टिमोर ओरिओल्सला चार विरुद्ध एक असे नमवले. अखेरच्या सामन्यात एक चेंडू जोन्स यांच्या पायाला लागला की नाही, असा वाद झाला. गिल यांनी पंचांना चेंडूवरील बुटाच्या पॉलिशचा डाग दाखवला. पंचांनी निर्णय मेट्सच्या बाजूने दिला आणि तेथून सामना फिरला. तो डाग आपल्या बुटाचा होता व तो लावण्यास गिल यांनीच सांगितले होते, असे त्या संघातील गोलंदाज जेरी कूझमन यांनी पुढे सांगितले. इतरांच्या आठवणी वेगळ्या आहेत. चरित्रनायकाला संतपदी बसवण्याच्या भरात ही गोष्ट लपवणे आम्हांला उचित वाटत नाही. मात्र पंचांनी गिल यांच्या शब्दावर चटकन विश्वास ठेवला, ह्यावरून त्यांची पत काय होती ते कळते. मालिकेतील शेवटचा झेल घेतला तो जोन्स यांनीच.

पुनरुत्थान रविवार, १९७२

२ एप्रिल १९७२ हा पुनरुत्थानाचा रविवार होता. फ्लोरिडातील वेस्ट पाम बीच येथे सहकाऱ्यांसह गोल्फ खेळून परतताना गिल हॉजेस कोसळले. अठ्ठेचाळीसावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. ब्रुकलिनमधील ख्रिस्ती जनांची साहाय्यकारी माता ह्या चर्चमध्ये अंत्यविधीची मिस्सा झाली तेव्हा रस्ते माणसांनी भरून गेले. आजारी असलेले, दृष्टी मंदावलेले जॅकी रॉबिन्सनही आले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेही गेले. होली क्रॉस दफनभूमीत गिल यांना चिरविश्रांती लाभली. मेट्सने त्यांचा चौदा क्रमांक १९७३ साली कायमचा राखून ठेवला. ब्रुकलिनला रॉकअवेशी जोडणाऱ्या पुलाला १९७८ साली त्यांचे नाव देण्यात आले.

कीर्तिमंदिर मात्र बंदच होते. १९६९ च्या पहिल्या मतदानात त्यांना जेमतेम शेकडा चोवीस मते मिळाली. पंधरा वर्षे नाव यादीत राहिले. १९८३ साली अखेरच्या संधीच्या वेळी आकडा त्रेसष्टवर पोहोचला व थांबला. विरोधकांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. .२७३ ही सरासरी थोर फलंदाजांच्या तुलनेत कमी होती. त्यांना एकदाही वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळाला नव्हता. १९९३ साली ज्येष्ठांच्या समितीत त्यांचे नाव एका मताने हुकले. जुने सहकारी रॉय कॅम्पानेला तेव्हा आजारी होते. बैठकीस प्रत्यक्ष हजर नसल्याने त्यांचे मत ग्राह्य धरले गेले नाही, असे सांगितले जाते.

अखेर ५ डिसेंबर २०२१ रोजी सोळा जणांच्या समितीने त्यांना बारा मते दिली. आवश्यक होती तेवढीच. २४ जुलै २०२२ रोजी कूपर्सटाउन येथे त्यांची कन्या आयरीन वडिलांच्या वतीने बोलल्या. पत्नी जोन यांनी तो सोहळा ब्रुकलिनमधील घरातून पाहिला. त्या पंचाण्णव वर्षांच्या होत्या. दोन महिन्यांच्या आतच, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, त्यांनीही देह ठेवला.

कांस्यफलक लागला ह्याचा आम्हांला आनंदच आहे. जोन यांच्या डोळ्यांदेखत तो लागला, ह्याचा अधिक आहे. पण ज्याच्यासाठी तो लागला तो माणूस पन्नास वर्षांपूर्वीच गेला होता. त्याला जिवंतपणी जे मिळाले ते ब्रुकलिनच्या त्या उकाड्याच्या सकाळी मिळाले, नावापुढे शून्य लागलेले असताना. आमच्या धर्मग्रामांतही परीक्षेत नापास झालेला मुलगा असतो, धंद्यात बुडालेला शेजारी असतो, नोकरी गेलेला बाप असतो. त्यांच्यासाठी सभा भरत नाहीत व ठराव होत नाहीत. फादर रेडमंड यांनी त्या दिवशी प्रवचन आवरते घेऊन लोकांना जे काम सांगितले, ते ह्या रविवारी आपल्यालाही करता येण्याजोगे आहे.