संत डेमियन यांच्या मातोश्री

कुष्ठरोग्यांचे प्रेषित संत डेमियन आपणा सर्वांना परिचित आहेत. आमचे मन मात्र मोलोकाई बेटापेक्षा बेल्जियममधील ट्रेमेलो गावी, त्यांच्या शेतकरी कुटुंबापाशीच अधिक रेंगाळते.

१८६३ साली हवाई बेटांवर जाण्यासाठी निवड झाली होती ती थोरले बंधू फादर पाम्फिल यांची. ऐनवेळी ते गंभीर आजारी पडले आणि २३ वर्षांच्या डेमियन यांनी त्यांच्या जागी जाण्याची परवानगी थेट संघाच्या सर्वोच्च वरिष्ठांकडे मागितली. मातोश्रींनी दोन कन्या व एक पुत्र आधीच धर्मसंघांना दिले होते. आता हाही, आणि तोही सातासमुद्रापार! मारियामातेच्या तीर्थक्षेत्री त्यांनी पुत्राला निरोप दिला. मायलेकरांची ती अखेरची भेट ठरली.

१८७३ साली डेमियन मोलोकाईला गेले. त्याच वर्षी वडील वारले. पुढे पुत्राला कुष्ठरोग जडल्याची बातमी मातोश्रींपर्यंत वृत्तपत्रातून पोहोचली. १८८६ साली त्यांनी देह ठेवला. तीन वर्षांनी, १५ एप्रिल १८८९ रोजी, डेमियनही प्रभूकडे गेले.

ज्यांच्या जागी ते गेले होते, ते फादर पाम्फिल मोलोकाईला पोहोचले १८९५ साली. तेव्हा त्यांना तेथे धाकट्या भावाची कबर भेटली.