विश्लेषण : तुळाजी आंग्रे बंडखोर होते की किनाऱ्याचे रखवालदार? मराठ्यांचे आरमार विजयदुर्गात कसे जळाले?

गुहागर तालुक्यातील अंजनवेल म्हटले की आज बहुतेकांना आठवतो तो वीज प्रकल्प. मात्र याच गावाच्या टोकाला, वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते तिथे, गोपाळगड उभा आहे. हा किल्ला सिद्दीकडून जिंकून घेणाऱ्या सेनानीला पुढे अवघ्या ११ वर्षांत स्वकीयांच्याच कैदेत जावे लागले. त्याचे नाव तुळाजी आंग्रे. कान्होजी आंग्रे यांच्या या मुलाची कहाणी म्हणजे समुद्रावरचा सरखेल आणि पुण्यातील पेशवा यांच्यातील संघर्षाची कहाणी आहे. त्यात दोघांचेही नुकसान झाले आणि फायदा तिसऱ्याचा झाला.

अंजनवेल इतके महत्त्वाचे का होते?

वाशिष्ठीच्या मुखाशी एका बाजूला दाभोळ आणि दुसऱ्या बाजूला अंजनवेल. दाभोळ हे बहमनी काळापासूनचे मोठे बंदर. खाडीतून गलबते थेट चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जात आणि तिथून माल कुंभार्ली घाटाने देशावर चढत असे. त्यामुळे अंजनवेल ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात या सगळ्या व्यापाराची नाडी. शिवाजी महाराजांनी हा किल्ला आदिलशाहीकडून घेतला होता. १७ व्या शतकाच्या अखेरीस तो जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेला.

सिद्दीच्या बाजूने अंजनवेल आणि गोवळकोट सांभाळणाऱ्या सिद्दी सात याने १७२७ मध्ये चिपळूणजवळील परशुराम देवस्थान उद्ध्वस्त केले. छत्रपती शाहू, पेशवे आणि आंग्रे या तिघांनाही वंद्य असलेल्या ब्रह्मेंद्रस्वामींचे हे स्थान. त्यामुळे हे दोन किल्ले परत मिळवणे हा केवळ व्यापाराचा प्रश्न उरला नाही. १७३३ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत मराठ्यांना रायगड मिळाला, १७३६ मध्ये चिमाजी आप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात मारला गेला. तरीही जंजिरा, अंजनवेल आणि गोवळकोट सिद्दीकडेच राहिले.

तुळाजी आंग्रे कोण होते?

कान्होजी आंग्रे यांचे १७२९ मध्ये निधन झाले. त्यांच्या सहा मुलांपैकी थोरले सेखोजी सरखेल झाले, पण १७३३ मध्ये जंजिऱ्याची मोहीम ऐन भरात असतानाच तेही गेले. त्यानंतर संभाजी आणि मानाजी या भावांमध्ये वाद पेटला. पहिल्या बाजीरावांनी १७३५ मध्ये तडजोड म्हणून घराण्याची वाटणी केली. मानाजींना कुलाबा आणि वजारतमाब हा किताब मिळाला. सरखेल हे पद आणि दक्षिणेकडील किनारा संभाजींकडे राहिला.

भांडण मिटावे म्हणून केलेल्या या वाटणीने आरमाराचे मात्र दोन तुकडे झाले. मानाजी हळूहळू पेशव्यांच्या छायेत गेले. १७४० मध्ये संभाजींनी कुलाब्यावर चाल केली तेव्हा मानाजींच्या मदतीला पेशवे आणि मुंबईकर इंग्रज दोघेही धावले. तुळाजी या काळात संभाजींच्या बाजूने होते. भाऊबंदकीत बाहेरच्याला हात दिला की काय होते, हे त्यांनी तेव्हाच जवळून पाहिले.

सरखेलपद आणि अंजनवेलचा काय संबंध?

संभाजींच्या मृत्यूनंतर १७४३ मध्ये शाहू महाराजांनी सरखेलपद तुळाजींना दिले. त्यामागे एक अपेक्षा होती, ती म्हणजे सिद्दीकडून अंजनवेल आणि गोवळकोट परत मिळवणे. तुळाजींनी १७४५ मध्ये ती पूर्ण केली. अंजनवेलचा किल्ला गोपाळगड झाला, तर गोवळकोटला गोविंदगड हे नाव मिळाले. अनेक वर्षे अनेकांना जे जमले नव्हते ते तुळाजींनी दोन वर्षांत करून दाखवले. शाहूंच्या दरबारात त्यांचे वजन वाढले आणि सरखेल थेट छत्रपतींना बांधील आहे, ही त्यांची धारणाही पक्की झाली. पुढचा सगळा संघर्ष या धारणेतून उभा राहिला.

त्यांच्या आरमाराची दहशत कशामुळे होती?

आंग्रे घराण्याचा दावा साधा होता. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने त्यांचे दस्तक घ्यावे, म्हणजे परवाना घेऊन कर भरावा. न घेतल्यास जहाज जप्त. युरोपीय कंपन्याही आपापल्या हद्दीत असेच परवाने देत, पण आंग्रे यांचे दस्तक मानायला त्या तयार नव्हत्या. इंग्रजांच्या दफ्तरात आंग्रे यांचा उल्लेख चाचे असा होतो तो यामुळे.

तुळाजींकडे गुराबा आणि गलबते होती. गुराब उथळ तळाची, पुढच्या टोकाला तोफा असलेली. गलबत लहान, वल्ह्यांवर चालणारे, माणसांनी भरलेले. वारा पडला की युरोपीयांची अवजड जहाजे जागच्या जागी अडकत. अशा वेळी वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढत जहाजाच्या पिछाडीला आणत, कारण तिथे त्या जहाजाच्या तोफा कमी असत. १७४९ मध्ये मुंबईकर इंग्रजांचे रिस्टोरेशन हे जहाज तुळाजींच्या आरमाराने पकडले. १७५४ मध्ये डच कंपनीच्या तीन जहाजांच्या ताफ्याचा त्यांनी पाडाव केला. मुंबईत आणि बटाव्यात त्यांचे नाव धास्तीने घेतले जाऊ लागले.

पेशव्यांशी बिनसले कशावरून?

डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले आणि सत्तेचे गणित बदलले. १७५० च्या सांगोला करारानंतर कारभार पेशव्यांच्या हाती गेला. ताराबाईंना ते मान्य नव्हते. त्यांनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात अडकवले आणि मराठी राज्यात उघड दुफळी पडली. तुळाजींचा कल पेशव्यांच्या विरोधकांकडे होता.

तुळाजींच्या दृष्टीने सरखेलपद छत्रपतींनी दिलेले होते, पेशव्यांनी नव्हे. पेशवे हे मुख्य प्रधान असले तरी आंग्रे यांचे धनी नव्हते. शिवाय बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले तेच मुळी कान्होजींना शाहूंच्या बाजूला वळवण्याच्या कामगिरीसाठी. ते घराणे आता आपल्यावर हुकूम चालवणार, हे तुळाजींना सहन होण्यासारखे नव्हते.

नानासाहेब पेशव्यांची बाजूही पोकळ नव्हती. राज्याचा कारभार एका हाती असताना एक सरदार खंडणी नाकारतो, आपल्या मनाने युद्धे करतो, हे कोणत्याही राज्यकर्त्याला चालणारे नव्हते. तुळाजी केवळ इंग्रज-डचांशी लढत नव्हते. सावंतवाडीचे सावंत, बावड्याचे अमात्य यांच्या मुलखालाही त्यांची झळ पोहोचत होती. किनाऱ्यावरील रयतेच्या तक्रारी पुण्यात येत होत्या. प्रश्न तुळाजींना आवरावे की नाही, हा नव्हता. कोणाच्या मदतीने आवरावे, हा होता.

इंग्रजांशी करार काय होता?

खोल समुद्रातील आरमाराला आणि जलदुर्गांना भिडेल असे नाविक बळ पेशव्यांकडे नव्हते. मानाजींची मदत पुरेशी नव्हती. १९ मार्च १७५५ रोजी पेशव्यांचे कोकणातील सुभेदार रामाजी महादेव यांनी मुंबईचे गव्हर्नर रिचर्ड बूर्शिए यांच्याशी करार केला. जमिनीवर मराठा फौज लढणार, समुद्रावर इंग्रज. आरमाराची सूत्रे इंग्रजांच्या हाती राहणार. मोबदल्यात बाणकोट आणि आसपासची गावे इंग्रजांना मिळणार. विजयदुर्गातील तोफा आणि दारूगोळा पेशव्यांकडे जाणार, असेही ठरले होते.

सुवर्णदुर्ग आणि अंजनवेल कसे गेले?

करारानंतर तीनच दिवसांनी कमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून निघाला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुवर्णदुर्ग पडला. किल्ल्यातील दारूकोठारापर्यंत आग पोहोचली आणि मोठा स्फोट झाला, त्यानंतर प्रतिकार फार टिकला नाही. या विजयाची आठवण आजही लंडनमध्ये उभी आहे. जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये शूटर्स हिल येथे एक मनोरा बांधला. सुवर्णदुर्ग या नावाचा इंग्रजी अपभ्रंश तोच त्या मनोऱ्याचे नाव.

दुसरीकडे पेशव्यांच्या फौजेने किनाऱ्यावरचे किल्ले एकेक करून घेतले. १७५५-५६ च्या या मोहिमेत अंजनवेल आणि गोवळकोटही तुळाजींच्या हातून गेले. सिद्दीकडून घेतलेला गोपाळगड मराठी राज्यातच राहिला, पण तो जिंकणारा सरखेल आता त्याच राज्याचा शत्रू ठरला होता.

विजयदुर्गावर काय घडले?

फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल चार्ल्स वॉटसनचे आरमार विजयदुर्गासमोर आले. सोबत रॉबर्ट क्लाइव्ह आणि त्याची पलटण. दोघे मुळात दख्खनेत फ्रेंचांविरुद्ध वापरायच्या सैन्यासह आले होते. ते काम रखडल्याने त्यांना इकडे वळवण्यात आले. निघण्यापूर्वीच मुंबईत त्यांनी लुटीच्या वाटणीचा तक्ता तयार केला. क्लाइव्हला नौदलाच्या कप्तानाइतकाच वाटा ठरल्याने लष्कर आणि नौदलाच्या अधिकाऱ्यांत कुरबूर झाली. तो वाद त्यांनी आपसात मिटवला. मराठा मित्रांचा वाटा मात्र त्या तक्त्यात नव्हता.

तुळाजींपुढे आता दोनच वाटा होत्या. शेवटपर्यंत लढावे किंवा स्वकीयांशी बोलणी करावी. त्यांनी किल्ला आपल्या मेहुण्याच्या हवाली केला आणि ते मराठा छावणीत गेले. किल्ला इंग्रजांऐवजी मराठ्यांच्या हाती पडावा, आरमार वाचावे, एवढे तरी त्या बोलण्यांतून साधणे शक्य होते. इंग्रजांना नेमकी तीच भीती होती. तह झाला असता तर लूट हातची गेली असती.

१२ फेब्रुवारीला तोफांचा भडिमार सुरू झाला. एक पेटता गोळा रिस्टोरेशनवर पडला. सात वर्षांपूर्वी इंग्रजांकडून जिंकलेले हेच जहाज आधी पेटले आणि एकमेकांना बांधून ठेवलेल्या गुराबा-गलबतांत आग पसरत गेली. काही तासांत बहुतेक आरमार जळाले. त्याच रात्री क्लाइव्हने आपली पलटण उतरवली, ती किल्ला आणि मराठा छावणी यांच्या मधोमध. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. सुमारे १० लाख रुपयांची लूट इंग्रज अधिकारी आणि सैनिकांनी वाटून घेतली. किल्ला सोडायलाही ते तयार नव्हते. ऑक्टोबर १७५६ मध्ये पुण्यात नवा तह झाल्यावरच, बाणकोटच्या बदल्यात, विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला.

तुळाजींचे पुढे काय झाले?

तुळाजींना आपल्या हवाली करावे, असा इंग्रजांचा आग्रह होता. पेशव्यांनी तो मानला नाही. शत्रू ठरवलेल्या सरखेलाला परक्याच्या हाती न देण्याइतकी मर्यादा त्यांनी पाळली. सुटका मात्र केली नाही. एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात, अशी तुळाजींची कैद तीसेक वर्षे चालली आणि कैदेतच त्यांचा अंत झाला. त्यांना कैद करणारे नानासाहेब १७६१ मध्ये, पानिपतानंतर काही महिन्यांत गेले. नंतर पेशवे बदलले, पण तुळाजींचे बंदिवान असणे बदलले नाही.

मग चूक कोणाची?

नानासाहेबांनी मराठ्यांचे आरमार बुडवले, असे सरसकट म्हटले जाते. ते पूर्ण खरे नाही. पेशव्यांनी विजयदुर्गावर स्वतःचे आरमार पुन्हा उभे केले. आनंदराव धुळप त्याचे प्रमुख झाले आणि १७८३ मध्ये रत्नागिरीजवळ त्यांनी इंग्रजांचे रेंजर हे जहाज पकडले. म्हणजे दर्यावर्दी संपले नव्हते, कसबही संपले नव्हते. पण मुंबईच्या दक्षिणेला इंग्रजांना रोखून धरणारी आंग्रे यांची साखळी तुटली, ती पुन्हा जुळली नाही.

तुळाजीही निर्दोष नव्हते. छत्रपतींचा अधिकार क्षीण झाल्यावर नव्या व्यवस्थेशी जुळवून घेण्याची संधी त्यांना होती. शेजाऱ्यांना दुखावल्याने संकटकाळी किनाऱ्यावर त्यांच्यासाठी उभे राहणारे कोणी उरले नाही.

नानासाहेबांपुढील पेच खरा होता, पण त्यांनी निवडलेल्या उत्तराची किंमत त्या पेचापेक्षा मोठी ठरली. आज्ञा न मानणाऱ्या सरदाराला शिक्षा देणे वेगळे आणि त्यासाठी आपल्या समुद्राची सूत्रे दुसऱ्याच्या हाती देणे वेगळे. विजयदुर्ग जिंकणारे वॉटसन आणि क्लाइव्ह तिथून पुढे बंगालकडे गेले. जानेवारी १७५७ मध्ये त्यांनी कलकत्ता परत घेतले आणि त्याच वर्षी जूनमध्ये प्लासी घडली. १८१८ मध्ये पेशवाईच संपली, तेव्हा गोपाळगडावरही इंग्रजांचे निशाण चढले. आज गडाचा खंदक आणि तटबंदी शाबूत आहे, आत आंब्याची झाडे आहेत आणि बुरुजावरून दाभोळच्या खाडीत शिरणारी प्रत्येक होडी दिसते. सरखेल आणि पेशवे यांच्या वादात नेमके काय पणाला लागले होते, हे समजायला तेवढे दृश्य पुरते.